मांडवा ते मुरुड पायी : सहा टप्पे, सहा सुट्ट्या

आपल्या घरांत सुट्टी मोजून मिळते. कुणाची रविवारी, कुणाची मंगळवारी, कुणाची मुकादमाच्या मर्जीवर. कंत्राटी कामावर असणाऱ्याचा एक खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी गेलीच. अशा घरातल्या माणसाला कुणी सांगितले की, कोकणच्या किनाऱ्याने आठवडाभर पायी चाला, फार सुरेख आहे, तर तो हसेल. आठवडाभर घर कोणी चालवायचे?

आमचे सांगणे वेगळे आहे. रायगड जिल्ह्याचा मांडव्यापासून मुरुडपर्यंतचा किनारा रस्त्याने मोजला तर साधारण सत्तर किलोमीटर भरतो. तो एका दमात चालायचा नाही. त्याचे सहा तुकडे करायचे आणि एका हिवाळ्यात महिन्याला एखादा तुकडा चालायचा. जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वेळी सुरुवात. आम्ही आमच्या वस्तीतली चार घरे मिळून हा किनारा असाच चाललो. सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा होता आणि सर्वांत वयस्कर बाई पासष्टच्या. त्या अनुभवातून आणि विचारून-वाचून जमवलेल्या माहितीतून हा आराखडा वाचकांपुढे ठेवत आहोत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आक्षेप आधीच सांगून टाकतो, कारण तो तुमच्याही घरात निघेल. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही उभा जन्म पायीच चाललो, डोक्यावर ओझे घेऊन चाललो, पोटासाठी चाललो. आता पैसे मोडून हौसेने चालायचे हा कुठला शहाणपणा? हा जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जात होता. त्या कुलाब्यातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत आलेली हजारो माणसे आधी धक्क्यापर्यंत पायीच गेली, हे खरेच आहे. पण ज्या वाटेने आजोबा नाईलाजाने गेले, त्या वाटेने नातवाने पोटभर खाऊन, पायात बूट घालून, हातात नकाशा घेऊन जावे, यात वावगे काय? आमच्याकडच्या पासष्टीच्या बाईंनी हा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतला होता. त्यांनी चार टप्पे पूर्ण केले.

समुद्राचे घड्याळ

डोंगर चढायचा तर पहाटे निघा, एवढे पुरते. किनाऱ्याला ते पुरत नाही. इथे निघण्याची वेळ समुद्र ठरवतो. ओहोटीला वाळू ओली, घट्ट आणि रुंद असते, सपाट रस्त्यासारखे चालता येते. भरती चढली की तीच वाट पाण्याखाली जाते आणि माणूस वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय ओढत राहतो. काही ठिकाणी तर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशी कोंडी होते.

भरती-ओहोटीचे गणित आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर दर्यावर्दी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब करत आली आहेत : तिथीची पाऊणपट करा, येणारा आकडा ही पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा सुमारे सहा तासांनी भरती.

करून पाहा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीन वाजता भरती आणि नऊ वाजता ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पाऊणपट सव्वा अकरा. भर दुपारी सव्वा अकराला पाणी काठोकाठ, आणि ओहोटी थेट सायंकाळी सव्वा पाचला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी वर्तमानपत्रातली किंवा मोबाईलवरची भरतीची वेळ ताडून पाहावी आणि किनाऱ्यावर पोचल्यावर कोळीबांधवांना विचारावे. त्यांचा शब्द शेवटचा.

आता या गणितावरून टप्प्याची लांबी निघते. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, असे चार तास वाळू आपली. मुले आणि वडीलधारी बरोबर असतील तर ताशी तीन किलोमीटर चालणे होते. चार तासांचे बारा किलोमीटर. म्हणून दिवसाला बारा किलोमीटरपेक्षा जास्त वाळू धरू नका. तरुण पोरे वीस म्हणतील, त्यांचे ऐकू नका.

आणि याच गणितावरून सुट्टीही निघते. ओहोटी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हवी, म्हणजे ऊन चढायच्या आत काम होते. तशी ती तृतीयेपासून सप्तमीपर्यंत मिळते. दोन्ही पक्ष धरून महिन्यात असे दहा दिवस येतात, त्यांतला एखाद-दुसरा आपल्या सुट्टीवर पडतो. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत असे सहा-सात दिवस सहज सापडतात. दिनदर्शिका घ्या, मुलांना पेन्सिल द्या आणि त्या दिवसांवर त्यांनाच खुणा करू द्या. पाऊणकी कशाला शिकायची, हे शाळेत न समजलेले उत्तर आमच्या मुलांना या खुणा करताना मिळाले.

एका गोष्टीची नोंद घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटीही फार उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी कमी चढते, पण उतरतेही कमी. म्हणून अष्टमीला वाळूचा पट्टा अरुंद मिळेल, हे धरून चाला.

टप्पा आखताना चार प्रश्न

वहीत प्रत्येक टप्प्यासाठी एक पान करा आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहा. सुरुवातीच्या गावी कसे पोचायचे? शेवटच्या गावाहून परतीची गाडी कुठून आणि किती वाजता? मध्ये खाडी किंवा ओढा कुठे आडवा येतो? आणि मध्येच कुणाचा पाय मुरगळला तर पक्क्या रस्त्याला कुठे लागायचे?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. या किनाऱ्याची सोय अशी की, अलिबाग-रेवदंडा-मुरुड हा रस्ता समुद्रापासून फार लांब जात नाही. जवळजवळ प्रत्येक गावातून त्या रस्त्याला बाहेर पडता येते आणि एस.टी. किंवा रिक्षा मिळते. टप्पा अर्धवट सोडणे यात कमीपणा नाही. किनारा कुठे जात नाही, पुढच्या महिन्यात तिथूनच सुरू करा.

खाडीचा नियम एकच : खाडीचे तोंड चालत ओलांडायचे नाही. समोरचा काठ हाकेवर दिसतो, पाणी गुडघाभर वाटते, पण तळाशी गाळ असतो आणि पाय रुततो. आत वळायचे, पूल गाठायचे, दोन किलोमीटर जास्त चालायचे. म्हणूनच आमच्या आराखड्यात बहुतेक टप्पे खाडीच्या अलीकडे किंवा पलीकडे तुटतात.

पहिला टप्पा : मांडवा ते किहीम

मुंबईहून गेटवेची लाँच किंवा भाऊच्या धक्क्याहून मार्च २०२० पासून सुरू झालेली रो-रो बोट मांडव्याला आणते. बोट लागेपर्यंत सकाळ पुढे सरकलेली असते, म्हणून या टप्प्याला षष्ठी-सप्तमी निवडा, ओहोटी साडेदहा-अकराला मिळेल. मांडव्याहून सासवने, आवास करत किहीम. दहा-बारा किलोमीटर. सासवन्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्यातला १९२८ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडवला, तेच हे करमरकर. बैल, म्हैस, कोळीण, कष्टकरी माणसे. आपल्या ओळखीची सगळी मंडळी तिथे उभी आहेत. किहीमच्या झाडीत पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. मुलांना घरटी शोधायला लावा. परतीसाठी किहीमहून चोंढी नाक्यावर या, तिथे रेवस-अलिबाग रस्त्यावरची गाडी मिळते.

दुसरा टप्पा : किहीम ते अलिबाग

हेही बारा किलोमीटरच्या आसपास. थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही जोडी दिसते. खांदेरीचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून पुढे रेटले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरी आहे. पुढे वरसोलीची सुरूची झाडे, आणि मग अलिबाग. इथे एस.टी.चे मोठे स्थानक आहे, परतीची चिंता नाही.

तिसरा टप्पा : अलिबाग ते चौल, दोन दिवस

हा टप्पा शनिवार-रविवार जोडून करावा. शनिवारी चतुर्थी आली तर उत्तम. सकाळी नऊला ओहोटी, तेव्हा कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. पण पाणी फिरले की किल्ल्यात थांबायचे नाही. परत फिरायची वेळ जाण्यापूर्वीच ठरवा आणि ती पाळा.

दुपारी भरती असते, म्हणून आक्षीपर्यंत रस्त्याने चला. मधली खाडीही पुलावरूनच ओलांडायची आहे. आक्षी गावात शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतला तो सर्वांत जुना शिलालेख असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या भाषेत आपण बोलतो, भांडतो, गातो, ती हजार वर्षांपूर्वी दगडावर कशी दिसत होती, ते मुलांना दाखवा. रात्री नागावला मुक्काम.

रविवारी पंचमी. सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. नागावहून वाळूने दक्षिणेकडे निघा. दुपारच्या आत चौलची हद्द लागते. इथे वाळू सोडायची आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांतून आत शिरायचे.

चौलमध्ये काय पाहावे

चौल आज शांत, सावलीचे गाव आहे. समुद्रावरून येणाऱ्याला वाटेल, इथे थांबण्यासारखे काय? पण कित्येक शतके हे या किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात त्याचे नाव सेमुल्ला असे येते, दुसऱ्या शतकात टॉलेमी सिमुल्ला लिहितो, दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल-मसूदी त्याला सैमूर म्हणतो. आणि आपल्या लेण्यांत त्याचे नाव चेमुल आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत जे दानलेख कोरले आहेत, त्यांत या चेमुलच्या रहिवाशाने दिलेल्या दानाची नोंद आहे. आपल्यापैकी कितीतरी जण कान्हेरीला जाऊन आले असतील. तिथे दान देणारा माणूस कुठून आला होता, ते गाव हे.

चौलमध्येही लेणी आहेत. हिंगुळजा देवीच्या टेकडीवर लहान लहान बौद्ध लेणी खोदलेली आहेत. कान्हेरी, कार्ले पाहिलेल्यांना ती अगदी साधी वाटतील. पण बंदराच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर भिक्खूंनी पावसाळ्यात राहावे, एवढीच त्या खोल्यांची गरज. आत गेल्यावर भिंतीवर काही लिहू नका, मेणबत्तीची काजळी दगडाला लागू देऊ नका, आणि आधीच्या कुणी टाकलेला कचरा दिसला तर पिशवीत घालून खाली आणा. आम्ही पाच मिनिटे शांत बसलो. तेवढे पुरे झाले.

याच चौलला पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्याला आहे. त्याने प्रवासाची जी टिपणे ठेवली त्यांत तो अंतर मैलांत मोजत नाही, दिवसांत मोजतो. चौलहून पायी पालीला आठ दिवस, पालीहून उमरीला दहा दिवस, असे करत तो जुन्नरला पोचला. तिथे त्याला पावसाळ्याने अडवले. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियाहून आलेल्या माणसानेही ही भूमी टप्प्याटप्प्यानेच चालली आणि पावसापुढे तोही थांबला. आपला आराखडा काही नवा नाही.

चौलला जाताना एवढे पाहा की मार्गशीर्ष पौर्णिमा नसावी. तेव्हा दत्ताच्या डोंगरावर मोठी जत्रा भरते, गाड्या आणि राहायच्या जागा भरून जातात. ज्यांना जत्राच पाहायची आहे त्यांची गोष्ट वेगळी.

चौथा टप्पा : रेवदंडा ते कोर्लई

अंतर थोडे, पण पाहण्यासारखे पुष्कळ. रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उभारला. तटाच्या आत आज वस्ती आणि वाड्या आहेत. सातखणी बुरूज म्हणून ओळखला जाणारा पडका मनोरा अजून उभा आहे. १७४० मध्ये मराठ्यांनी हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला.

पुढे कुंडलिका नदीची रुंद खाडी. पलीकडे साळाव. या पुलावरून अवजड वाहने जातात, मुलांना घेऊन तो चालत ओलांडू नका. एस.टी. किंवा रिक्षा करा. पुलाच्या दुरुस्तीसाठी कधी कधी वाहतूक बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी एस.टी. स्थानकावर चौकशी करा. टप्प्यात दोन किलोमीटर गाडीने गेले म्हणून कुणी गुण कापत नाही.

कोर्लईचा किल्ला खाडीच्या तोंडावर, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर लांबच लांब पसरला आहे. पोर्तुगीजांनी तो १५९४ मध्ये जिंकला. त्याच्या पायथ्याच्या गावात अजूनही एक वेगळी बोली बोलतात, जिच्यात पोर्तुगीज आणि मराठी मिसळली आहे. तिथली ख्रिस्ती माणसे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे उलटली, पण कष्टकरी माणसांनी आपली बोली घरात जपली. ती ऐकायला मिळाली तर ऐका. कुणाला तमाशासारखे बोलून दाखवायला मात्र लावू नका.

पाचवा टप्पा : कोर्लई ते काशीद

बारा-तेरा किलोमीटर, पण सगळी वाळू नाही. बोर्लीच्या बाजूने रस्त्यानेच चालावे लागते. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असे, एकामागे एक चला. पुढच्या आणि शेवटच्या माणसाने भडक रंगाचा कपडा घालावा. काशीदला पांढऱ्या वाळूचा मोठा पट्टा लागतो आणि सगळा शीण उतरतो. मात्र हे गजबजलेले ठिकाण आहे. खाणे-राहणे महाग. डबा बरोबर ठेवा.

सहावा टप्पा : काशीद ते मुरुड

हा सर्वांत लांब, अठरा किलोमीटरचा. डाव्या हाताला फणसाडचे जंगल. जंजिऱ्याच्या नवाबाचे ते शिकारीचे रान होते, १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. लहान मुले आणि वयस्कर मंडळींनी नांदगावपर्यंत चालावे आणि पुढे एस.टी. धरावी. बाकीच्यांनी मुरुड गाठावे. रात्री मुरुडला राहून दुसऱ्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावरून होडीने जंजिरा पाहिला की आराखडा पूर्ण झाला.

पाण्याचा धाक हवा

आता जे सांगतो ते घरातल्या सर्वांना बसवून वाचून दाखवा.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळ्याचे दिवस, घरी जायची ओढ लागलेली चाकरमानी माणसे. या किनाऱ्यावरच्या गावांत अजून त्या दिवसाची आठवण काढतात. म्हणून जून ते सप्टेंबर हा आराखडा बंद. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचही बंदच असतात.

दुसरी घटना अलीकडची. १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते, फेब्रुवारीचा निवांत दिवस होता. त्यांच्या आईबापांनी त्यांना शिकायला पाठवले होते. आपल्याही घरांत एकेका मुलाच्या शिक्षणासाठी आईबाप काय काय मोडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आमच्या चार घरांचा नियम होता : चालायचे वाळूवर, पाण्यात घोट्याच्या वर उतरायचे नाही. पोहता येणाऱ्यालाही सवलत नाही. ओहोटी लागली की पाणी शांत दिसते आणि माणसाला आत ओढते. दारू प्यायलेला माणूस टप्प्यावर नको, मग तो कितीही जवळचा असो. आणि कुणी बुडताना दिसले तर एकामागून एक उड्या घेऊ नका. दोरी, फळी, रिकामा प्लास्टिकचा डबा असे तरंगते काहीतरी फेका आणि कोळीवाड्याला हाका मारा.

दर अर्ध्या तासाने डोकी मोजायची. हे काम आम्ही बारा वर्षांच्या मुलीकडे दिले होते. ती इतकी कडक होती की मोठी माणसेही तिला विचारून थांबत.

सोबत काय, आणि कोणी करायचे

माणशी दोन ते तीन लिटर पाणी. पायात वापरून मऊ झालेले बूट. नवे बूट पहिल्याच टप्प्याला फोड आणतात. डोक्याला टोपी किंवा पदर. एक जोडी कोरडे मोजे, सुती पंचा, शिट्टी, आयोडीन, पट्टी, मीठ-साखरेची पुडी. खाण्याला भाकरी, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ. यांतले काहीही विकत आणायला दुकान शोधावे लागत नाही.

बायांसाठी दोन गोष्टी. सलवार-कमीज घाला किंवा साडी घोट्याच्या वर खोचा, कारण ओल्या काठाने पाय सोलतात. आणि प्रत्येक टप्प्याची सुरुवात व शेवट शक्यतो एस.टी. स्थानकाजवळ ठेवा, म्हणजे शौचालयाची सोय विचारता येते. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आधारकार्ड बरोबर ठेवा.

पण सर्वांत मोठी गोष्ट तिकिटाची नाही. सुट्टीच्या दिवशी चालायला जायचे म्हणजे घरातल्या बाईने पहाटे तीनला उठून सगळ्यांचे डबे करायचे, असे होणार असेल तर ती सुट्टी तिची नव्हे. आमच्याकडे आदल्या रात्री पुरुषांनी अंडी उकडली, भाकऱ्या थापल्या. काही भाकऱ्या जाड झाल्या, काही फाटल्या. समुद्राच्या वाऱ्यावर सगळ्या संपल्या.

मुक्काम कुठे

मुक्काम लागतो तो दोन ठिकाणी, नागाव-चौलच्या बाजूला आणि मुरुडला. घरगुती खोल्या मिळतात. शनिवारी भाव चढतो, म्हणून आधी फोन करा. दुसरा मार्ग आपल्या माणसांचा. गावोगाव बौद्धवाडी आहे आणि पुष्कळ ठिकाणी विहार किंवा समाजमंदिर आहे. ओळखीच्या ओळखीने गावच्या मंडळाला आधी कळवावे, किती माणसे, किती बाया, किती मुले हे स्पष्ट सांगावे. अंथरूण-पांघरूण आपले न्यावे, जेवणाचा भार टाकू नये, निघताना जागा झाडून-पुसून द्यावी आणि ऐपतीप्रमाणे विहाराला दान द्यावे. न कळवता पंचवीस माणसे घेऊन दारात उभे राहणे हा पाहुणचार नव्हे, जुलूम आहे. तिथली माणसेही दिवसभर कामावरून येतात.

ज्यांचा हुरूप मुरुडला संपत नाही, त्यांनी आणखी एक दिवस काढावा. मुरुडहून गाडीने राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला मांदाडजवळ गेले की कुडे लेणी लागतात. एकूण सव्वीस लेणी, समोर खाडीचे पाणी. तिथल्या दानलेखांत राजघराण्यातली माणसे आहेत, तसाच लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, माळी आहे. ज्याच्या हातात जे होते त्यातून त्याने थोडे दिले. मोठी लेणी अशी एकेका खोलीने पुरी झाली.

वाचकहो, या आठवड्याला काम फार थोडे आहे. दिनदर्शिका उतरवा. नोव्हेंबर ते मार्चमधल्या तुमच्या सुट्टीच्या तारखा पाहा, कुठल्या तारखेला तृतीया ते सप्तमी पडते ते हेरा आणि त्यांतली पहिली तारीख घरात सर्वांना सांगून टाका. शेजारच्या एका घराला विचारा. मांडव्याची पहिली बोट किती वाजता सुटते, याची चौकशी मुलांवर सोपवा. आणि पहिला टप्पा झाला की पाऊणपटीचा हिशेब किती बरोबर उतरला, वाट कुठे बदलली, कुठे पाणी मिळाले, ते आम्हांला चार ओळींत कळवा. मागून येणाऱ्या घरांना ते उपयोगी पडेल.